स्थिर आकार

एकतीस वर्षं मी जिन्याखाली वाकून
लोकांची घरं वाचली, दार न उघडता.
काचेआड चकती, तिच्या कडेला तांबडी खूण.
भरभर फिरली की समजायचं, वर पाहुणे आलेत.
रेंगाळली की पगार लांबलाय.
बेस्टचा मीटर रीडर. वहीत फक्त आकडा लिहायचा,
बाकीचं पोटात.

आता निवृत्त. शिवडीला, चौथ्या मजल्यावर,
गच्चीच्या थेट खाली.
मे महिन्यात रात्री दोनला पलंगावर उभं राहून
छताला तळवा लावला
तर तवा नुकताच उतरवलेला.

फळ्यावर नोटीस लागली मार्चात:
घरगुती ऊर्जा बचत, शासकीय अनुदान.
गच्चीला पांढरा लेप, निम्मा खर्च सरकारचा.
जुना पंखा द्या, अठ्ठावीस वॅटचा नवा न्या.
फ्रिज बदलायचा तर त्याच्या वयाचा पुरावा जोडा.

अर्ज भरायला सगळे माझ्याकडे.
अकरा नंबरच्या इंदुमती आचरेकर म्हणाल्या,
"फ्रिजचा जन्मदाखला कुठून आणू, मिरजोळकर?"
मग लग्नाचा आल्बमच घेऊन आल्या.
वरातीनंतरचा फोटो, नवरीच्या पाठीमागे फ्रिज,
दारावर कुंकवाचं स्वस्तिक.
साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि चालवून घेतलं.

गच्चीसाठी मालकाची सही हवी.
मालक तीन:
एक दुबईत, एक कोर्टात, एक फोटोत.
तळमजल्याचे गाला म्हणाले,
"ऊन तुमच्या डोक्यावर, वर्गणी आमच्या?"
मी म्हणालो, "गटार तुमच्या दारात तुंबतं,
उपसायला आम्ही देतोच ना?"
ते हसले. पैसे मात्र जूनमध्ये दिले,
पाऊस तोंडावर आणून.

मंजूर झाली अर्धीच गच्ची.
जिन्याच्या पलीकडची बाजू
कुणाच्यातरी नकाशात नव्हती.
माझी खोली पलीकडे.

लेप लागला ऑक्टोबरात. आता इमारतीतली मांजरं
दुपारी पांढऱ्या बाजूला पसरतात, रेघ ओलांडून येत नाहीत.
आचरेकरबाई मिरच्या घेऊन आमच्या बाजूला येतात,
म्हणतात, तिकडे कुरकुरीत होत नाहीत.
अनुदानाशिवायचं ऊन
त्यांना बरं पडतं.

पंखा मात्र मिळाला.
जुना उतरवायला आलेल्या पोरानं
त्याचा नंबर टिपला, पाती सुटी केली, पोत्यात घातली.
गेली कित्येक वर्षं तो टकटक करायचा,
चौथ्या फेरीला एक ठोका.
नवा इतका मुका, की शेजारचा खोकला,
पहाटेची पाण्याची मोटार, सगळं घरात.
रात्री नलिनी विचारते, "चालू आहे ना?"
आणि पदराचं टोक वर धरून बघते.
हललं की झोपते.
पंधरा मिनिटांनी पुन्हा टोक वर.

मी जिना उतरतो, टॉर्च घेऊन.
चकत्या गेल्या. आता तांबडा दिवा लुकलुकतो,
बत्तीसशे लुकलुकींचा एक युनिट.
अकरा नंबर उतरला, खरंच उतरला,
महिन्याला चाळीसेक युनिटांनी. बाईंना सांगितलं
तेव्हा त्यांनी मला वाटीभर शिरा दिला,
जणू मीच उतरवले.

दिवाळीआधी योजनेचा लखोटा आला, शिक्क्यासकट.
इमारतीत सर्वांत कमी वापर, हार्दिक अभिनंदन:
खोली क्रमांक नऊ.

नऊ म्हणजे टिपणीसबाई, शाळेतल्या.
रात्री अकरापर्यंत एक दिवा, वह्या तपासताना.
पहाटे पाचला शेगडी, दहा मिनिटं, एका कपापुरती.
तिसऱ्या दिवाळीला त्या नसतील.
भाचा येतो म्हणतो.

ऑफिसला कळवावं म्हणून फोन लावला,
लागला नाही, किंवा मीच लवकर ठेवला.
कुलूप जागच्या जागी. लखोटा फटीतून सारला.
अर्धा गेला. पुढे काहीतरी आडवं येत होतं.
बिलं असणार, दोन वर्षांची,
शून्य युनिटची,
फक्त स्थिर आकार.